हातचा कुठे गेला?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो त्या सरांच्या वर्गात मी पाचवी ते सातवी अशी तीन वर्षे होते. नगरपालिकेची शाळा, वर पत्रा, पावसाळ्यात सगळे बाक एका कोपऱ्यात सरकवलेले. बेरीज चुकली तर सर रागावत नसत. चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारत, "हातचा कुठे गेला?" हातचा म्हणजे एककाच्या घरात न मावलेला आकडा. तो नाहीसा होत नाही, शेजारच्या घरात जाऊन बसतो. तिथे तो धरला नाही तर उत्तर चुकते.

पुढे मी राज्यातल्या एका महापालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काम केले. अंदाजपत्रकाच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, रात्री उशिरापर्यंत बसावे लागे आणि सरांचा प्रश्न हटकून आठवे. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे. "यंदा करवाढ नाही" असे जेव्हा जेव्हा सभागृहात जाहीर होते आणि बाके वाजतात, तेव्हा जी रक्कम कराच्या घरात धरली गेली नाही ती शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जाऊन बसलेली असते. कुणाच्या, एवढेच आपण विचारत नाही.

उदाहरण पुण्याचे घेते, कारण पुण्याचे आकडे सार्वजनिक आहेत आणि त्यांच्यावर भरपूर वाद झालेला आहे. २०२१-२२ या वर्षासाठी पुण्याच्या महापालिका आयुक्तांनी ७,६५० कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले आणि मिळकतकरात ११ टक्के वाढ सुचवली. स्थायी समितीने ती वाढ फेटाळली. इथपर्यंत समजण्यासारखे आहे. करोनाचे वर्ष होते, दुकाने बंद पडली होती, लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. पण त्याच समितीने पुढे अंदाजपत्रक ७२० कोटींनी वाढवून ८,३७० कोटींवर नेले. कर वाढवायचा नाही आणि खर्चही कमी करायचा नाही, उलट वाढवायचा, असा हा हिशेब. यात कुठल्या एका पक्षाचा दोष काढायला मी उभी राहिलेली नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांत, पक्ष कुठलाही असो, हे वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे.

हे कागदावर कसे बसते ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. कायद्याने महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक करता येत नाही. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत. मिळकतकराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, ती तारीख गेली की त्या वर्षापुरता विषय संपला. मग खर्चाची बाजू वाढली की जमेची बाजूही वाढवावी लागते, आणि ती वाढवायला पेनाखेरीज काही लागत नाही. थकबाकी वसुलीचा आकडा वाढवायचा. बांधकाम परवानगीच्या शुल्कातून एवढे येतील असे लिहायचे. जागा भाड्याने देऊन एवढे, शासनाच्या अनुदानातून एवढे. थकबाकी अनेक वर्षांची असते, त्यातली निम्मी न्यायालयात अडकलेली, काही दुबार आकारणीची, काही पडून गेलेल्या वाड्यांची. वसूल होणार नाही हे आम्हाला माहीत असे, आमच्या वरिष्ठांनाही. तरी आकडा लिहिला जाई, कारण त्याशिवाय दोन बाजू जुळत नसत.

मग ऑक्टोबर-नोव्हेंबर येतो. जमा अपेक्षेइतकी होत नाही. खातेप्रमुखांना परिपत्रक जाते की तरतुदीच्या अमुक टक्केच खर्च करावा. आता कात्री कुठे लागते ते नीट पाहा. पगार थांबवता येत नाहीत. निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. कर्जाचा हप्ता, विजेचे बिल, चालू असलेल्या मोठ्या कामांची ठेकेदारांची देणी, यांना हात लावता येत नाही. उरते काय? देखभाल-दुरुस्ती. दवाखान्याची औषधे. शाळेचे स्वच्छतागृह. ड्रेनेजची सफाई. ज्या कामाला नारळ फुटत नाही, ज्या कामाची कोनशिला बसत नाही, त्या कामाचा पैसा आधी जातो.

आमच्या कार्यालयातली एक फाइल मला अजून आठवते. एका वस्तीतल्या गल्लीच्या तोंडाशी गटार फुटलेले होते. त्या गल्लीत राहणाऱ्या एक बाई दरवर्षी एप्रिलमध्ये, बिल हातात पडताच, कर भरायला यायच्या. घर दहा बाय बाराचे, कर फार नव्हता, पण सूट मिळते म्हणून आणि नोटीस नको म्हणून पहिल्या आठवड्यातच भरायच्या. प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. एकदा त्यांनी मला पावत्यांची मागची बाजू दाखवली. प्रत्येक पावतीच्या पाठीमागे त्यांनी त्या वर्षीच्या गटाराच्या तक्रारीचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवला होता. मी ती फाइल शोधली. कामाला अंदाजपत्रकात तरतूद झालेली होती. डिसेंबरात तिचे वर्गीकरण झाले होते. वर्गीकरण हा आमच्याकडचा साधा शब्द आहे, म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणे. त्या गटाराचा पैसा प्रभागाच्या हद्दीवर उभारलेल्या स्वागत कमानीकडे गेला होता. सगळे नियमाप्रमाणे होते. ठराव होता, सही होती, आणि त्या प्रस्तावावर टिपणी लिहिणाऱ्यांत मी होते.

स्वागत म्हटले की मला १८८० सालची पुण्याची नगरपालिका आठवते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. शहर सजवायला हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सभासद बत्तीस. त्यांतला एकच सभासद विरोधात उभा राहिला. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्याचे म्हणणे होते. ते सभासद होते जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षे ते नगरपालिकेवर होते आणि हे काम त्यांनी मनापासून केले. नगरपालिकेने मोठी मंडई बांधायला काढली तेव्हाही, तोच पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून त्यांनी विरोध केला होता. १८८६ मध्ये ती इमारत उभी राहिली, रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले. मंडईबाबत मी जोतीरावांशी सहमत नाही, हे इथे सांगून टाकते. शेतकऱ्याला माल विकायला आणि गिऱ्हाइकाला भाजी घ्यायला स्वच्छ, पक्की जागा देणे हे नगरपालिकेचेच काम आहे, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे ती इमारत ते काम करते आहे. पण त्यांची पद्धत मला शिरोधार्य वाटते. समोर आलेला प्रत्येक रुपया ते दुसऱ्या एका रुपयाशेजारी ठेवून बघत. हा इथे गेला तर तिथला कमी झाला.

आता तो रुपया आज कुठे जाऊन बसतो ते पाहू.

पुण्याची बस घ्या. पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून देतात, साठ आणि चाळीस टक्के अशा वाट्याने. १ जून २०२५ पासून बसभाडे वाढले. किमान तिकीट पाच रुपयांचे दहा झाले, महिन्याचा पास नऊशेचा पंधराशे. बऱ्याच वर्षांनी झालेली वाढ, डिझेल महागलेले, हे सगळे खरे. पण मिळकतकर वाढवायचा म्हटले की सभागृहात, वर्तमानपत्रांत, सोसायट्यांच्या बैठकांत केवढी चर्चा होते. बसभाडे मात्र एका सकाळी वाढते आणि कात्रजहून हडपसरला धुणीभांडी करायला जाणारी बाई ते कंडक्टरच्या हातात ठेवते. तिच्या नावावर घर नाही, म्हणून तिला करदाती कुणी म्हणत नाही. महिन्याला सहाशे रुपये जास्त मोजणारी ही बाई माझ्या हिशेबात शहराची मोठी करदाती आहे.

किंवा पाणी घ्या. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. नियमाप्रमाणे अशा गावांत मिळकतकर एकदम लावत नाहीत, पहिल्या वर्षी वीस टक्के आणि मग दरवर्षी वीस-वीस वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण. सोय नाही तर कर कशाचा, असे गावकऱ्यांचे म्हणणे, आणि ते रास्त आहे. कर नाही तर सोय कुठून करायची, असे महापालिकेचे म्हणणे, तेही खोटे नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने या गावांतल्या वसुलीला स्थगिती दिली. बांधकामे मात्र थांबली नव्हती. उंच इमारती उभ्या राहत गेल्या, टँकर धावत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड आणि किरकटवाडीच्या बाजूला, गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. शहर आणि परिसर मिळून संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. संशय पाण्यावर आला. या भागातल्या गावांना विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून, पण शुद्धीकरण केंद्रातून न जाता मिळत होते. हात-पाय लुळे पडलेल्या माणसाला महागडी इंजेक्शने आणि व्हेंटिलेटर लागतो. ज्या कुटुंबाने ते बिल भरले त्याला मिळकतकरात स्थगितीची सवलत होती. हातचा तिथे जाऊन बसला होता.

म्हणून कर वाढवा, असे मी सरसकट म्हणत नाही. आज आहे त्या पायावर ११ टक्के काय किंवा १५ टक्के काय, वाढ करणे मलाही अन्यायाचे वाटते. पुण्यात मिळकतकर वार्षिक करपात्र मूल्यावर बसतो आणि घराची आकारणी ज्या काळात झाली त्या काळचा दर त्याला चिकटून राहतो. त्यामुळे मध्यवस्तीतल्या जुन्या, आज कोट्यवधी रुपये किमतीच्या घराला जो कर येतो त्याच्या कितीतरी पट कर उपनगरात कर्ज काढून घेतलेल्या, तेवढ्याच आकाराच्या नव्या फ्लॅटला येतो. टक्क्यांनी वाढ केली की ज्याला आधीच जास्त त्यालाच आणखी जास्त. आणि ज्या मिळकतींची नोंदच झालेली नाही त्यांना शून्याच्या ११ टक्के.

पाया दुरुस्त करायला हवा हे मुंबईने ओळखले. २०१० पासून तिथे भांडवली मूल्यावर कर सुरू झाला. त्यातले काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरवले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ज्या जमिनीवर अजून काही बांधलेलेच नाही तिच्यावर पुढे होऊ शकणाऱ्या बांधकामाचा विचार करून कर घेणे न्यायालयाला मान्य नव्हते. ते नियम चुकले असतील, दिशा बरोबर होती. पण त्याच मुंबईत, निवडणूक समोर असताना, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये पूर्ण करमाफी मिळाली. सोळा लाखांवर घरे. चाळीतल्या, वसाहतीतल्या कुटुंबांना दिलासा मिळाला, त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण दक्षिण मुंबईतले ४९० फुटांचे घर आणि मानखुर्दचे ४९० फुटांचे घर सारखे नसते. फुटावर माफी देणे सोपे, कुवतीवर देणे अवघड, म्हणून आपण सोपे ते केले.

पुण्यातली ४० टक्क्यांची सवलत अशीच. मालक स्वतः घरात राहत असेल तर ही सवलत १९७० पासून मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत थांबली, थकबाकीची बिले गेली, शहर संतापले, आणि २०२३ मध्ये, कसब्याच्या पोटनिवडणुकीत हा विषय पेटल्यानंतर, राज्य मंत्रिमंडळाने ती परत दिली. सगळे पक्ष एका बाजूला होते. मागच्या तारखेने बिले पाठवणे चूकच होते. तरीही एक गोष्ट बोलायची राहून गेली. सवलत घरमालकाला आहे, भाडेकरूला नाही. कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी, एका खोलीत चौघे राहणारे कामगार, यांच्या घराला सवलत नाही, आणि पूर्ण लागणारा तो कर मालक त्यांच्याच भाड्यात धरतो. त्यांच्या बाजूने मात्र त्या वेळी एकही मोर्चा निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, महापालिकांच्या हातात आहे तरी काय? हा प्रश्न मला टाळायचा नाही. जकात होती तोवर शहराला रोजचा पैसा रोज मिळत होता. पुण्यात २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. २०१५ च्या ऑगस्टपासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. मुंबईत जकात टिकली ती १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत. जकात नाक्यांवरचा भ्रष्टाचार मी पाहिला आहे, ती गेली याचे दुःख नाही. पण तिच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली, दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणारी, आणि शहराला आपल्या कमाईऐवजी दुसऱ्याच्या तारखेकडे बघायची सवय लागली. डॉ. आंबेडकरांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडला. कर एकाने गोळा करायचा आणि खर्च दुसऱ्याने करायचा, अशा व्यवस्थेत खर्च करणाऱ्याला काटकसरीचे कारणच उरत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसते. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, बाराव्या परिशिष्टात शहरांना अठरा कामे मिळाली. कामे मिळाली, कर मिळाले नाहीत. आणि त्यानंतरही मार्च २०२२ पासून पुण्यासारख्या शहरात वर्षानुवर्षे नगरसेवकच नव्हते. आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करत. २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे अंदाजपत्रक असेच मंजूर झाले. ज्या सभागृहावर मी इतकी टीका केली त्याची किंमत मला त्या वर्षांत कळली. निदान तिथे फुल्यांसारखा एखादा माणूस "नको" म्हणायला उभा राहू शकत होता.

हातचा खूप वर्षे धरलाच नाही तर काय होते ते बर्मिंगहॅमने पाहिले आहे. इंग्लंडमधली ती मोठी महापालिका. स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची देणी साठत गेली, संगणक प्रणालीचा खर्च हाताबाहेर गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नवा खर्च थांबवत असल्याची नोटीस काढावी लागली. २०२४ मध्ये कर जवळपास दहा टक्क्यांनी वाढला, २०२५ मध्ये पुन्हा साडेसात टक्क्यांनी, आणि त्याच काळात सेवाही कापल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये कचरा कर्मचारी बेमुदत संपावर गेले, रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग लागले. जास्त कर भरा आणि कमी सेवा घ्या, अशी वेळ त्या नागरिकांवर आली. त्यांतल्या कित्येकांचा त्या देण्यांशी काही संबंध नव्हता.

माणसे कर द्यायला नाराज असतात असे मला खिडकीवर बसून कधी वाटले नाही. पुण्यात चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०१६ मध्ये २०४७ पर्यंत दरवर्षी वाढत जाणारी पाणीपट्टी मंजूर झाली. कशासाठी वाढवतो ते सांगितले होते, म्हणून कुरकुर झाली तरी लोकांनी ती भरली. जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. बाजाराने विश्वास दाखवला. मग निविदांवर आक्षेप आले, त्या रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि व्याजाचा काटा पहिल्या दिवसापासून फिरत होता. लोकांनी आपला शब्द पाळला होता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. जमेचा आकडा मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेच्या पलीकडे जात असेल, तर तो का, हे अंदाजपत्रकातच लिहावे लागावे. दुरुस्ती आणि औषधांच्या तरतुदीचे वर्गीकरण कायद्याने बंद व्हावे. आकारणी नव्याने व्हावी, हळूहळू, पण जुन्या घरांसकट. आणि कर वाढवला नाही असे जाहीर करताना, त्याऐवजी कोणते काम सोडले, ते कामाच्या नावानिशी त्याच ठरावात लिहावे. गटार असेल तर गटार, गल्लीच्या नावासकट.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या बाई पुन्हा आल्या. मी आत टेबलावर होते, आवाज ओळखून खिडकीपाशी गेले. पैसे मोजून दिले, पावती घेतली, तारीख आणि रक्कम तपासली. मग पावती उलटी केली, काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे पेन्सील मागितली.